भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज: लसावि येतो, तरी उत्तर चुकतं. मुलं कुठे अडतात?

वर्गशिक्षिका_सहावी

छेद सारखे असले की सहावीच्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज बिनचूक येते. लसावि (लघुतम साधारण विभाज्य) वेगळा विचारला तर तोही काढतात. पण दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणात आल्या की वह्यांमध्ये हे असं दिसतं:

१/२ + १/३ = २/५

१/२ + १/३ = १/६ + १/६ = २/६

३/४ + ५/६ = १८/२४ + २०/२४ = ३८/२४ (आणि इथेच थांबणं)

२ पूर्णांक ३/४ + १ पूर्णांक ५/६ = ३ पूर्णांक १९/१२

"छेदांची बेरीज करायची नाही" हे सांगून झालं, फळ्यावर लिहूनही झालं. आठवडाभर बरं चालतं आणि शाब्दिक उदाहरणं सुरू झाली की २/५ परत येतं. असं का होतं? दुसरं, लसाविचा आग्रह धरावा की तिरकस गुणाकार शिकवून मोकळं व्हावं? आणि शेवटी आलेल्या उत्तराला काट जाते की नाही, म्हणजे अंश आणि छेद दोन्हींना एकाच संख्येने भाग जातो का, हे मुलांना पटकन कसं कळावं? बरीच मुलं २, ३, ५, ७, ११ असे सगळे आकडे लावून बघत बसतात.

चौकटीची_वही

मॅडम, पहिली आणि दुसरी चूक एकाच उदाहरणातली असली तरी त्यांची मुळं वेगळी आहेत. एकच स्पष्टीकरण दोन्हींना पुरत नाही.

२/५ लिहिणारा मुलगा १/२ ही एक संख्या आहे असं मानतच नाही. त्याला वर १ आणि खाली २ असे दोन सुटे आकडे दिसतात, मग वरचे वर मिळवले आणि खालचे खाली. शिवाय ही रीत त्याने शाळेतच पाहिलेली असते. एका चाचणीत २० पैकी १५, दुसऱ्या चाचणीत २५ पैकी १८, तर एकूण ४५ पैकी ३३. प्रगतिपुस्तकात हे बरोबर असतं. १५/२० आणि १८/२५ असं लिहून वर-खाली बेरीज केली तर खरोखरच ३३/४५ येतं. हा विषय वर्गात उघडपणे काढा, टाळू नका. गुणांमध्ये दोन वेगळ्या चाचण्या आहेत, म्हणजे दोन वेगळे 'पूर्ण' आहेत आणि ते एकत्र होऊन ४५ चा नवा पूर्ण होतो. १/२ लिटर आणि १/३ लिटर मिळवताना मात्र लिटर तोच राहतो, दोन लिटरांचा मिळून नवा लिटर होत नाही. हा फरक सांगितला नाही तर "छेद मिळवायचे नाहीत" हा मुलांसाठी फक्त एक मनाईचा हुकूम राहतो. पुढे गुणाकारात अंश गुणिले अंश, छेद गुणिले छेद शिकवलं की तो हुकूमही विसरला जातो.

२/५ पकडायची एक खूण मुलांच्या हातात देता येते. अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवून येणारं उत्तर नेहमी दिलेल्या दोन अपूर्णांकांच्या मध्ये पडतं (दोन्ही सारखेच असतील तर तेवढंच येतं). १/३ आणि १/२ च्या मध्ये २/५, १/४ आणि ३/५ च्या मध्ये ४/९. म्हणजे ते मोठ्या अपूर्णांकापेक्षा कधीच जास्त होत नाही. अर्ध्यात काही घातलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं, हे मुलाला लगेच खटकतं. म्हणून आकडेमोडीआधी एक ओळ लिहायची सवय लावा: "उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? एकपेक्षा जास्त की कमी?" ५/१२ + ७/१८ मध्ये दोन्ही अर्ध्याच्या खाली, म्हणजे उत्तर एकच्या आत. ४/७ + ५/९ मध्ये दोन्ही अर्ध्याच्या वर, म्हणजे उत्तर एकच्या पुढे. अर्ध्याशी तुलना करायला छेदाचं निम्मं काढलं की पुरतं.

दुसरी चूक, १/६ + १/६. इथे मुलाला लसावि कळलाय, पण तो कशासाठी काढला हे सुटलंय. छेद बदलला की तुकडा लहान होतो, मग तितकाच भाग भरायला तुकडे जास्त लागतात, ही जोडणी तुटलेली असते. यावर लेखी इलाज: मधली पायरी गाळू द्यायची नाही.

१/२ = (१ × ३)/(२ × ३) = ३/६

१/३ = (१ × २)/(३ × २) = २/६

वर आणि खाली तोच गुणक दिसलाच पाहिजे. तोंडी गणित पक्कं होईपर्यंत ही ओळ नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी परत लिहायला लावा.

साहित्य म्हणून गोलाचे तुकडे नका वापरू. गोलाचे तीन किंवा पाच समान भाग हाताने नीट होत नाहीत, आणि १/३ चा नि १/४ चा तुकडा शेजारी ठेवला तरी दोन्ही मिळून गोलाचा कितवा भाग झाला हे डोळ्यांना कळत नाही. चौकटीच्या वहीत १२ चौकटींची एक पट्टी आखा. ही पट्टी म्हणजे १. तिचा १/४ म्हणजे ३ चौकटी, १/६ म्हणजे २ चौकटी. दोन रंगांत शेजारी शेजारी रंगवा: ५ चौकटी, म्हणजे ५/१२. मग हेच ४ × ६ च्या आयतात करायला सांगा. तिथे एक उभा स्तंभ म्हणजे १/६ (४ चौकटी) आणि एक आडवी ओळ म्हणजे १/४ (६ चौकटी). रंग एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, मोजून वेगळ्या चौकटी भरायच्या, नाहीतर कोपऱ्यातली चौकट दोनदा मोजली जाते. उत्तर १०/२४. पट्टीवर ५/१२ आणि आयतात १०/२४, दोन्ही बरोबर. दुसऱ्यात चौकटी उगाच दुप्पट बारीक झाल्या. लसावि आणि छेदांचा गुणाकार यांतला फरक मुलं इथे डोळ्यांनी बघतात, व्याख्या नंतर सांगितली तरी चालते.

घड्याळही फार उपयोगी. १/३ तास २० मिनिटं, १/४ तास १५ मिनिटं, मिळून ३५ मिनिटं, म्हणजे ३५/६०, म्हणजे ७/१२. तबकडीवर काटा ७ वर येतो, कारण तिचे १२ भाग आहेत. २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० हे छेद ६० मध्ये पूर्ण बसतात, तेवढ्यांसाठी हे साधन वापरा. ७, ८, ९ बसत नाहीत. १/८ तास म्हणजे साडेसात मिनिटं होतात, म्हणून ती उदाहरणं पट्टीवर घ्या.

पाढे_पाठ

तिरकस गुणाकाराबद्दल. ती रीत चुकीची नाही. अ/ब + क/ड साठी (अ × ड + क × ब)/(ब × ड) हे कायम बरोबर येतं. पण सहावीत तीच मुख्य रीत म्हणून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कारण आकड्यांतच बघा. ७/२४ + ५/३६ तिरकस केलं तर २५२ + १२० = ३७२ आणि खाली ८६४. आता ३७२/८६४ ला १२ ने काट मारायची आहे हे मुलाने ओळखायचं. लसावि ७२ घेतला तर २१ + १० = ३१, उत्तर ३१/७२, काम संपलं. दोन्हीकडे मेहनत जवळपास तेवढीच. फक्त पहिल्या रीतीत ती शेवटी, मोठ्या आकड्यांवर करावी लागते आणि चुका तिथेच होतात.

दुसरा तोटा: तीन अपूर्णांक आले की मुलं तिरकस रेघा मारता मारता गोंधळतात. तिसऱ्या अंशाला कोणत्या छेदांनी गुणायचं हेच कळत नाही. आणि काही मुलं पुढे गुणाकाराच्या उदाहरणातही तिरक्या रेघा मारायला लागतात.

लसावि काढायला दर वेळी भागाकाराची उभी मांडणी नको. आधी छेदांकडे बघायला शिकवा.

लहान छेदाने मोठ्या छेदाला भाग जातो? मग मोठा छेद हाच लसावि. २/३ + ५/१२ = ८/१२ + ५/१२ = १३/१२. इथे ३६ घेणारी मुलं खूप असतात.

दोन्ही छेदांत १ सोडून कोणताच सामाईक विभाजक नाही? मग गुणाकार हाच लसावि. ४ आणि ९, ५ आणि ७, ८ आणि १५. इथे तिरकस गुणाकार खुशाल करू द्या, लसाविच्या रीतीतही तेच आकडे येतात.

उरलेल्या ठिकाणी मोठ्या छेदाचा पाढा म्हणायचा आणि लहान छेदाने भाग जाईल तिथे थांबायचं. १२ आणि १८ असतील तर: १८ ला १२ ने भाग जात नाही, ३६ ला जातो. थांबा. मुलं नेमकी उलटी, लहान छेदाच्या पाढ्याने सुरुवात करतात आणि त्यांना जास्त पायऱ्या लागतात.

आणखी एक, जे फार जण सोडून देतात: बेरजेआधी दिलेले अपूर्णांक संक्षिप्त आहेत का ते बघा. १५/४० + १४/४८ असंच घेतलं तर लसावि २४०. आधी काट मारली तर ३/८ + ७/२४, लसावि २४. ९ + ७ = १६, १६/२४ = २/३.

हर_आणि_अंश

मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, आणि अपूर्णांकांच्या बेरजेतली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे. दोन अपूर्णांकांच्या बेरजेत सगळे आकडे लावून बघायची गरजच नसते.

रीत अशी. दोन्ही अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणा. छेदांचा मसावि (महत्तम साधारण विभाजक) काढा. प्रत्येक छेदाला मसाविने भागा. या भागाकारांनी समोरासमोरच्या अपूर्णांकांना गुणायचं: पहिल्याचा भागाकार दुसऱ्या अपूर्णांकाला, दुसऱ्याचा पहिल्याला, अंश आणि छेद दोन्हींना. छेद आपोआप लसाविइतके होतात.

५/८४ + ११/१२६ घ्या. मसावि ४२. ८४ ÷ ४२ = २, १२६ ÷ ४२ = ३. पहिल्याला ३ ने गुणा: १५/२५२. दुसऱ्याला २ ने: २२/२५२. बेरीज ३७/२५२.

आता काट जाईल का? अंशाला फक्त मसाविच्या मूळ अवयवांनी भागून बघा. इथे ४२ = २ × ३ × ७. ३७ ला यातल्या कशानेही भाग जात नाही, म्हणजे ३७/२५२ हे अतिसंक्षिप्त रूप. बाकी कोणताही आकडा तपासायचा नाही. मसावि १ असेल तर तपासायला काही उरतच नाही, उत्तराला काट जाऊच शकत नाही. ४/७ + ५/९ = ७१/६३, झालं.

कारण सोपं आहे. लसावि म्हणजे २ × ३ × ४२. नव्या अंशातला एक पद ५ × ३, दुसरा ११ × २. मसाविने भागून उरलेला २ दुसऱ्या पदात आहे, पहिल्यात नाही. तो ३ मध्ये नसतो, कारण मसाविने भागल्यावर उरलेल्या दोन संख्यांत सामाईक काही राहत नाही. तो ५ मध्येही नसतो, कारण ५/८४ आधीच संक्षिप्त केलंय आणि तो २ हा ८४ चाच अवयव आहे. एका पदाला भाग जातो आणि दुसऱ्याला जात नाही, मग बेरजेलाही जात नाही. ३ चंही तसंच. भाग जायची शक्यता असलीच तर ती मसाविच्या आत. (४२ मध्येही २ आणि ३ आहेत, पण वरच्याच कारणाने इथे तेही बाद होतात, खरं तर फक्त ७ बघायचा उरतो. मुलांना एवढं खोलात नेऊ नका, मसाविचे अवयव तपासा एवढंच सांगा.)

काट जाते असं उदाहरण: १/६ + ३/१०. मसावि २. ५/३० + ९/३० = १४/३०. १४ ला २ ने भाग जातो, म्हणून ७/१५.

मसावि पटकन दिसत नसेल तर वजाबाकी करत जा. ९१ आणि १४३: १४३ − ९१ = ५२, ९१ − ५२ = ३९, ५२ − ३९ = १३, आणि ३९ ला १३ ने भाग जातो. मसावि १३. म्हणून ५/९१ + ४/१४३ = ५५/१००१ + २८/१००१ = ८३/१००१. ८३ ला १३ ने भाग जात नाही, संपलं. अवयव पाडत बसलो तर ९१ आणि १४३ दोन्ही मूळ संख्याच वाटतात आणि मुलं थेट १३०१३ छेद घेतात.

ही रीत नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत समच्छेद करायचे दोन्ही मार्ग एकाच श्लोकात दिले आहेत: एकमेकांच्या हरांनी (म्हणजे छेदांनी) अंश-हर गुणा, किंवा जाणत्याने हर आधी सामाईक विभाजकाने भागून घ्यावेत आणि मग त्यांनी गुणावं. तिथलं वजाबाकीचं उदाहरण १/१४ आणि १/६३ चं आहे. मसावि ७, भागाकार २ आणि ९. ९/१२६ − २/१२६ = ७/१२६. ७ ला ७ ने भाग जातो, म्हणून १/१८. लसावि घेऊनही उत्तराला काट जाऊ शकते हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही, कारण "लसावि घेतला म्हणजे उत्तर आपोआप संक्षिप्त" असा समज मुलांत सर्रास असतो.

वर्गशिक्षिका_सहावी

मसाविची खूण फारच कामाची आहे, गुणांचा मुद्दाही पटला. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचं राहिलं. सगळे अंशाधिक (११/४ सारखे, छेदापेक्षा अंश मोठा) करून घ्यावेत की पूर्णांक वेगळे ठेवावेत?

चौकटीची_वही

बेरजेत पूर्णांक वेगळे ठेवा. २ पूर्णांक ३/४ + १ पूर्णांक ५/६: पूर्णांक ३. ३/४ + ५/६ = ९/१२ + १०/१२ = १९/१२ = १ पूर्णांक ७/१२. एकूण ४ पूर्णांक ७/१२. अंशाधिक केलं तर ११/४ + ११/६ = ३३/१२ + २२/१२ = ५५/१२, उत्तर तेच. पण १७ पूर्णांक २/५ सारखे आकडे आले की अंशाधिक करण्यात निष्कारण मोठे गुणाकार होतात.

३ पूर्णांक १९/१२ लिहिणाऱ्या मुलाने चूक केलेली नाही, काम अर्धवट सोडलंय. किंमत बरोबर आहे. तसं त्याला सांगा, आणि "अपूर्णांकाचा भाग एकपेक्षा लहान झाला का?" हा शेवटचा प्रश्न वहीच्या समासात लिहायला लावा.

आपल्याकडे बोलण्यात ही बेरीज मुलं रोज ऐकतात: अर्धा आणि पाऊण सव्वा, सव्वा आणि दीड पावणेतीन, अडीच आणि पाऊण सव्वातीन. तोंडी उत्तर आधी घ्या, मग तेच आकड्यांत मांडायला सांगा. ज्याला "सव्वा" तोंडी येतं त्याला १/२ + ३/४ = ४/६ हे आपलं आपणच चूक दिसतं.

वजाबाकीत मात्र हातच्याकडे लक्ष ठेवा. ३ पूर्णांक १/४ − १ पूर्णांक ५/६. छेद सारखे केले: ३ पूर्णांक ३/१२ − १ पूर्णांक १०/१२. ३ मधून १० जात नाहीत, म्हणून पूर्णांकातला १ फोडायचा. मुलं दशमान सवयीने १० घेतात आणि २ पूर्णांक १३/१२ लिहितात. इथे एक पूर्ण म्हणजे १२ बारांश, म्हणून २ पूर्णांक १५/१२. वजाबाकी १ पूर्णांक ५/१२. अशी चूक वारंवार होत असेल तर फक्त वजाबाकीपुरतं अंशाधिक करू द्या: १३/४ − ११/६ = ३९/१२ − २२/१२ = १७/१२.

पाढे_पाठ

हर_आणि_अंश यांच्या नियमाला एक मर्यादा जोडतो, नाहीतर शिष्यवृत्तीची तयारी करणारी मुलं फसतील. तो नियम दोन अपूर्णांकांपुरताच आहे.

१/६ + १/१० + १/१५ बघा. तिन्ही छेदांचा मिळून मसावि १. म्हणून काट जाणार नाही असं म्हटलं तर चूक होईल: लसावि ३०, ५ + ३ + २ = १०, १०/३०, म्हणजे १/३.

तीन असतील तर दोन-दोन करून जा. १/६ + १/१०: मसावि २, ८/३०, २ ने काट जाते, ४/१५. मग ४/१५ + १/१५ = ५/१५. इथे छेद तेच, मसावि १५, म्हणजे ३ आणि ५ तपासायचे, ५ ने भाग जातो, १/३. किंवा तिघांचा लसावि एकदम घ्या आणि शेवटी लसाविचे सगळे मूळ अवयव (इथे २, ३, ५) तपासा. लहान छेदांना दुसरा मार्ग लवकर होतो, दोन आकडी मोठे छेद असतील तर पहिला.